आधी पुरसा, मग पंप

आधी खाला, मग बाकी सगळं. ती नसती तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. मला पाना धरायला तिनं शिकवलं. चार माणसांसमोर मान वर करून बोलायला तिनं शिकवलं. आणि आज घरापासून इतक्या लांब, जिथं माझ्या भाषेतलं 'पाणी दे' सुद्धा कुणाला कळत नाही, तिथं एकटीनं राहण्याचं बळही तिचंच. खाला म्हणजे मावशी, मानलेली. तिचं नाव लिहीत नाही, ती अट तिनंच घातली. फोनवर म्हणाली, "नाव नक्को लिख बेटा. खाला लिख दे, समझनेवाले समझ जाते."

खालासोबत दादीही आलीच. दादी म्हणजे खालाची सासू. या दोघींना वेगवेगळं सांगता येत नाही, कारण त्या कधी वेगळ्या बसल्याच नाहीत. एकीनं बोलायचं आणि दुसरीनं ते दुरुस्त करायचं, असं त्यांचं दिवसभर चालायचं.

मी सध्या दक्षिणेत कोइमतूरला असते, पाण्याच्या मोटारी जोडायच्या कारखान्यात. माझं घर ढाणकी गावाच्या कडेला, आमच्या बौद्ध वस्तीत. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडात अळी, पानावर मावा, आणि वेचायला गेलं तर निम्मा कापूस पिवळा. जसजशी कीड वाढली तसतशी फवारणी वाढली, आणि घरोघरी खुंटीला पाठीवरचा पंप लटकायला लागला. त्याच वर्षांत माझी शाळा सुटली. मला कुणी काढलं नाही. मायसंगं निंदायला जायला लागले, आज जाऊ, उद्या शाळेत जाऊ, असं करता करता एक दिवस बघते तर माझ्या दप्तरात मायनं वाळल्या मिरच्या भरून ठेवलेल्या. तेव्हा कळलं की शाळा संपली. आठवी पुरी झाली नाही.

त्यानंतर मला सारखी भीती वाटायची. कशाची ते सांगता यायचं नाही. घरात बाबा आणि काका बोलत बसले की मी चुलीजवळ कान देऊन असायची. एकदा ऐकलं, "औंदा पोरीले ऊसतोडीवर संगं नेऊ. घरी बसून काय करते?" काकांची टोळी दर साली जायची. तिथून आलेल्या पोरींचे हात मी पाहिले होते. त्या पोरी परत आल्या की लगेच त्यांची लग्नं व्हायची.

खालाच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती बाबांचा पंप घेऊन. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली, रस्त्याकडे उघडी. मागे गोणपाटाचा पडदा, पडद्यामागं घर. पडद्यापुढं मिस्त्री बसायचे, खालाचे मालक. मोठे बोलघेवडे. गिऱ्हाईक आलं की चहा सांगायचे, पीकपाणी विचारायचे, पंपाचा दांडा वर-खाली करून पाहायचे आणि म्हणायचे, "रुको, अंदर दिखाके लाता." पंप पडद्याआड जायचा आणि थोड्या वेळानं दुरुस्त होऊन बाहेर यायचा.

लोक विचारायचे, "आत मशीन गिशीन हाय का मिस्त्री?"

"हौ, भोत पुरानी मशीन है. गरम हो गई तो चिल्लाती भी है."

मग पडद्याआडून मशीन हसायची. मशीन म्हणजे खाला.

तिचे वडील पितळी पंपांचे कारागीर होते. त्यांच्या हाताखाली ती लहानपणीच शिकली होती. मिस्त्रींनी हे कधी लपवलं नाही. कुणी नीट विचारलं नाही, इतकंच. पडद्याआड एक बाई पंप खोलून बसली असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. मला कळलं, कारण त्या दिवशी तिनं पडद्याच्या फटीतून मला पाहिलं आणि बोलावलं. "ए पोरी, तुझी बोटं बारीक हायत. इकडं ये, ही तोटी साफ करून दे." तोटी म्हणजे फवाऱ्याचं तोंड. मी टाचणीनं ती साफ केली. दुसऱ्या दिवशी मी आपणहून गेले, आणि मग रोजच जायला लागले. मायला म्हणायची, खालाच्या घरी भांडी घासायला जाते. भांडीही घासायची, ते खोटं नव्हतं. पण त्याहून जास्त पंप खोलायची.

खालाचा एक नियम होता, गळका पंप दुकानातून बाहेर जाऊ द्यायचा नाही. ती पंपात पाणी भरून स्वतःच्या पाठीला लावायची, अंगणात चक्कर मारायची आणि मग मला म्हणायची, "पाठ बघ, ओली झाली का?" कोरडी असली तरच पंप बाहेर. "इथून गळला तं औषध त्याच्या पाठीवर. अपने हाथ का काम और उसकी पीठ, समझी?" मी समजले होते. बाबांच्या पाठीवर तोवर औषधानं चट्टे उठले होते.

पुढच्या वर्षी, पेरण्यांच्या आधी, मिस्त्री दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

खाला इद्दतीला बसली. नवरा गेल्यावर त्यांच्यात बाई चार महिन्यांच्या वर घरात बसते. बाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, साधे कपडे घालायचे. पेरणीपासून ते कापूस फुटेपर्यंतचा काळ. फवारणीचा अख्खा हंगाम त्यातच येत होता.

दुकानाची फळी मी रोज उघडायची, झाडायची आणि बसून राहायची. कुणीच यायचं नाही. लोक वाईट नव्हते, उलट चांगुलपणानंच घोटाळा केला. एक तर सगळ्यांना वाटलं, मिस्त्री गेले म्हणजे काम गेलं. आणि दुसरं, दुःखाच्या घरी, बाई इद्दतीत असताना, आपण बाप्या माणसांनी पंप घेऊन दारात काय उभं राहायचं? फुलसावंगीकडचे ओळखीचे लोकसुद्धा दुकानासमोरून जाताना टोपी काढायचे, दादीला रामराम करायचे आणि पंप खांद्यावर घेऊन तसेच उमरखेडच्या जीपमध्ये बसायचे. मी त्यांच्याकडे पाहत राहायची. हाक मारावी असं फार वाटायचं, पण तोंड उघडायचं नाही.

खालाचा दीर बसस्टँडवर फळांचा गाडा लावायचा. तो एक दिवस आला आणि पडद्याबाहेर उभा राहून बोलला. इद्दतीत दिराशीही पडद्याआडूनच बोलायचं अशी त्या घरची रीत होती.

"भाभी, भाई के साथ मिस्त्रीकाम भी गया. जगा खाली पडी है. बियाण्याचा दुकानवाला मागून राह्यला. दसऱ्याले देऊन टाकू का?"

आतून काही आवाज आला नाही.

"मी तुमच्याच भल्याचं बोलून राह्यलो."

मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "और ये पोरगी कायले बसली इथं? माशा मारायले?" आणि गेला.

मी आत गेले. खाला भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर पालथे. मिस्त्री गेल्यापासून ते हात मी तसेच पाहत होते. दुकान गेलं की मी कुठं जाणार हे मला माहीत होतं. गेल्या साली खालाकडच्या कामामुळं टळलं होतं, पण या साली काका टोळीची बोली करून बसलेच होते. पण ते तिला कसं सांगणार? तिचं दुःख केवढं आणि माझं केवढं. मी भांडी घासली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी माझी माय पुरसा द्यायला आली. पुरसा म्हणजे दुखवट्याला भेटणं. शेतात काम असल्यानं ती आधी येऊ शकली नव्हती आणि त्याची तिला लाज वाटत होती. तिच्या खांद्यावर बाबांचा पंप होता. इथून ती पंप घेऊन जीपनं पुढं जाणार होती. पंप बाहेर ओट्यावर ठेवला तर कुणी नेईल, म्हणून तिनं तो आतच आणून दाराशी ठेवला. मग खालाच्या गळ्यात पडली आणि दोघी रडल्या. दादीही रडली. मी उभ्या उभ्या रडले.

रडणं ओसरलं तशी माय डोळे पुसून म्हणाली, "येतो मंग. हा पंप दाखवाचा हाय उमरखेडले, जीप चुकन."

खालानं पंपाकडे पाहिलं.  मग बसल्या जागेवरून हात लांब करून तो ओढला, दांडा एकदा वर-खाली केला आणि कान लावला.

"हा खालून गळून राह्यला ना?"

"व्हय वं. त्याईची पाठ पाह्यवत नाही."

खालाचा हात पंपावरच राहिला. तिनं दादीकडे पाहिलं. दादी तसबीहचे मणी ओढत होती. तिनं दोघींकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं.  मला वाटलं, दादी आता म्हणेल, इद्दतीत हे काय, ठेव तो.

दादी म्हणाली, "पाना उस डब्बे में है. खटिया के नीचे."

खाला हललीच नाही. दादी वैतागली. "अगे, घर में बैठने कू बोले है अल्ला-रसूल. हात बांधके बैठने कू किसने बोला? मेरी इद्दत में मैंने पूरे मोहल्ले की रजई भरी. ए पोरी, निकाल डब्बा!"

मी खाटेखाली शिरले.

खालानं पंप खोलला. आतला चामड्याचा वायसर, म्हणजे वॉशर, वाळून फाटला होता. नवा वायसर तिनं तेलात भिजवला, बसवला, पाणी भरलं आणि पंप पाठीवर घेऊन त्याच खोलीत, खाटेच्या आणि चुलीच्या मधल्या जागेत, चक्कर मारली. "पाठ बघ," म्हणाली. पाठ कोरडी होती. मी हात फिरवून मायला तळवा दाखवला.

माय घरी गेली ती सरळ वावरात. निंदणाच्या ओळीतल्या बायांना तिनं काय सांगितलं ते नंतर मला त्यांनीच हसत हसत सांगितलं. "मिस्त्री गेले, पण मिस्त्री हाय. आत हाय. बाप्याईले जाता येत नाही तं आपल्याले येते ना? पुरशाले जा, रडून या, आन् येताना पंप करून आना."

मग बाया यायला लागल्या. आमच्या वस्तीतल्या आल्या, तांड्यावरच्या आल्या, खालाच्या नात्यातल्या, मोहल्ल्यातल्याही आल्या. डोक्यावर पंप, खांद्यावर पंप. एक तर पंप झोळीत घालून लेकरासारखा कडेवर घेऊन आली. काही जणी इतक्या घाईत असायच्या की दारातूनच म्हणायच्या, "खाला, याचा दांडा पाहा वं जरा."

दादी काठी आपटायची. "पहले पुरसा, फिर पंप!"

मग ती बाई ओशाळून बसायची, मिस्त्री किती भला माणूस होता ते बोलायची, डोळे पुसायची, आणि दादीनं मान डोलावली की पंप पुढं सरकवायची. एकदा एक म्हातारी दुसऱ्यांदा आली. दादी म्हणाली, "तू तो दे चुकी ना पुरसा?" म्हातारी म्हणाली, "हौ, पन हा शेजारनीचा पंप हाय. तिच्याकून देतो."

दादीचं दुसरं काम नाकाचं होतं. औषधाचा वास घरात येऊ द्यायचा नाही म्हणून सगळे पंप हापशीवर सोडा लावून धुवायचे. धुतलेला पंप दादी तोंडाशी धरून हुंगायची. जरा वास आला की, "वापस!" मी हापशीवर आणि मग आत, असं दिवसभर पळायची. संध्याकाळपर्यंत खालानं मला निम्मे पंप खोलायला दिलेले असायचे. ती फक्त ऐकायची. तिला वाटलं मी चुकतेय तर पाना जमिनीवर टेकवायची. ओरडायची नाही. मशीन गरम होऊन ओरडते असं मिस्त्री म्हणायचे ते खरं नव्हतं, किंवा ते फक्त त्यांच्यासाठी असेल.

पोळ्याच्या सुमाराला दीर त्या बियाणेवाल्याला जागा दाखवायला घेऊन आला. ओट्यावर धुतलेले पंप उलटे करून वाळत घातले होते, इतके की पाय ठेवायला जागा नाही. मधे बाया बसलेल्या. बियाणेवाला बिचारा रस्त्यावरच थांबला.

"हे काय?" दीर म्हणाला.

एक बाई म्हणाली, "पंप हाय भाऊ. केळी नाहीत."

सगळ्या हसल्या. तो चिडला. "मिस्त्री कोण हाय इथं?"

"तुमची भाभी. काहून, तुमाले मालूम नाही?"

 मला वाटतं त्याला अर्धंमुर्धं माहीत असणार. घरातला माणूस. पण लोकांच्या तोंडून ऐकणं वेगळं. तो पंपांतून वाट काढत पडद्यापाशी आला आणि उभा राहिला. मी तिथंच होते, वायसर भिजवत. मग तो हळू आवाजात म्हणाला, "भाभी, उमरखेड जा राह्यलो. वायसर-गियसर लगते क्या?"

आतून खाला म्हणाली, "लगते. चमडे के. रबर के नक्को."

बियाणेवाल्याला त्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक. पण जाताना मला म्हणाला, "इद्दत तक ठीक है. उसके बाद क्या? भाभी बाहर बैठेंगी? मर्दों के सामने? सोच के रखना बोल."

हा प्रश्न मग रोज माझ्याबरोबर घरी यायचा. इद्दतीत बाया आत येत होत्या म्हणून काम चाललं होतं. पण दर वेळी बायांनीच पंप वाहायचे, असं किती दिवस चालणार? आणि पडद्यापुढं बसणारे मिस्त्री तर आता नव्हते. मी एकदा धीर करून खालाला विचारलं. ती म्हणाली, "बघू." खालाच्या 'बघू'वर मी इतकी वर्षं विचार केलाय, पण तेव्हा मला त्यात 'नाही'च ऐकू आलं.

इद्दत संपायला आणि दसऱ्याला थोड्याच दिवसांचं अंतर पडलं. त्यांच्या घरात अशी रीत की इद्दत सुटली की बाईचं पहिलं पाऊल माहेरी पडावं. खालाला माहेर उरलं नव्हतं, आईवडील दोघं गेलेले. नात्यातल्या बाया विचारायला लागल्या, कुणाच्या घरी न्यायचं? दादी म्हणाली, "इसका मायका पंप लेके आता था ना रोज? वहीं ले जाओ."

पहिला पंप मायनं आणला होता, म्हणून खालाचं पहिलं पाऊल आमच्या घरात पडलं. मायनं अंगण सारवून ठेवलं होतं. त्याच दिवशी विहारात दसऱ्याच्या कार्यक्रमाची बैठक होती, तर बाया म्हणाल्या, चला तिथंही. दादी पुढं, काठी टेकत. विहारात माईक लावून पाहणं चाललं होतं. वस्तीतली वयानं मोठी एक बाई माईक हातात घेऊन म्हणाली, "जय भीम. आपल्या मिस्त्री आल्या हायत. त्याईले जागा द्या."

मिस्त्रीची घरवाली असं ती म्हणाली नाही. मिस्त्री म्हणाली. खालानं पदर तोंडाशी नेला. तिला हसू आलं की रडू ते मला दिसलं नाही. दादीनं मात्र काठी दोनदा आपटली, म्हणजे तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळी उघडायला गेले तर ती आधीच उघडलेली होती. पडदा एका बाजूला बांधलेला. मिस्त्रींचं स्टूल दादीला बसायला दिलेलं, आणि खाला खाली सतरंजीवर, डोक्यावर पदर नीट घेतलेला, हातात पाना. रस्त्यानं येणारे-जाणारे पाहत होते. एकच नट ती पुन्हा पुन्हा खोलत आणि आवळत होती. मी तिच्या शेजारी बसले.

पहिला आला तो फुलसावंगीचा एक माणूस, टोपी काढून पुढं जाणाऱ्यांतलाच. पायरीपाशी घुटमळला. टोपी काढली. मग विचारलं, "मिस्त्री..."

"बोला," खाला म्हणाली. "धुऊन आणला का?"

"नाही."

"हापशी तिकडं हाय."

तो मुकाट्यानं हापशीकडे गेला. दादी म्हणाली, "पुरसा नहीं दिया इसने." आणि आम्ही तिघी इतक्या हसलो की खालाच्या हातातला पाना खाली पडला.

काकांची टोळी त्या साली माझ्याशिवाय गेली. बाबांनी विषयच काढला नाही. पुढं काही वर्षांनी बचतगटाच्या बाईंनी सांगितलं की या कारखान्यात मुली घेतात, शिक्षण कमी असलं तरी हाताचं काम पाहतात. बाबा नाही म्हणाले, इतक्या लांब एकटी पोरगी कशी धाडायची? तेव्हा खाला स्वतः आमच्या घरी आली. म्हणाली, "भैया, इसके हात मेरे हात है. मैं नहीं गई कभी बाहर. इनकू जाने दो." बाबांनी जाऊ दिलं. कारखान्यातल्या परीक्षेत मला एक मोटर खोलून जोडायला दिली. मला इतकी भीती वाटली की मी डोळे मिटले आणि आधी कान लावला.

माझ्यानंतर खालानं आणखी पोरींना शिकवलं. काहींची लग्नं झाली, एकीनं महागावला स्वतःचं दुकान टाकलं. दीर अजून वायसर आणून देतो. दादी गेली. तिच्या पुरशाला मला जाता आलं नाही, ते मनात राहिलंच आहे. मायनं माझ्याकडून दिला.

यंदा वस्तीतल्या बायांनी ठरवलंय, आपल्या भागातल्या ज्या मुस्लिम बायांकडे पाहून आपल्या पोरी उभ्या राहिल्या त्यांचा विहारात सत्कार करायचा. माय फोनवर म्हणाली, "तू तिची पयली पोरगी. दोन शब्द लिहून धाड, वाचून दाखवू." म्हणून हे लिहिलं. कुठं काही चुकलं असलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. शाळा कमी झाली आहे.

खाला, तू विहारात बसून हे ऐकशील तेव्हा सगळे तुझ्याकडे पाहतील आणि तू पदर तोंडाशी नेशील, मला माहीत आहे. एक गोष्ट तू मला सांगितली नाहीस पण मायनं सांगितली. तुला उमऱ्याला जायचंय, मक्केला. दर वर्षी नात्यातलं कुणीतरी विचारतं आणि दर वर्षी तू म्हणतेस, दुकान कुणाच्या भरवशावर सोडू? तर ऐक. मी सुट्टी साठवते आहे. तू जायचं ठरव. मी येईन, पडदा बाजूला बांधून तुझ्या जागेवर बसेन, आणि तू परत येईपर्यंत एकही गळका पंप दुकानातून बाहेर जाऊ देणार नाही. प्रत्येक पंप पाठीवर घेऊन पाहीन.